अर्धेलीचा हिशेब

डिसेंबर 1865 मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपली. त्याच वर्षी यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी दक्षिण किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना देऊ केली होती, 40 एकरांपर्यंत. अध्यक्ष जॉन्सन यांनी ती जुन्या मळेवाल्यांना परत करायला लावली. मळेवाल्यांकडे जमीन, पण मजुरीला रोकड नाही. मुक्त माणसाकडे फक्त मनगट. यातून अर्धेली, म्हणजे निम्म्या वाट्याची शेती, रुजली.

करार एका वर्षाचा. जमीन, खोपट, खेचर, अवजारं, बियाणं मालकाचं. राबायचं अख्ख्या कुटुंबानं. कापूस निम्मा-निम्मा, खताचा खर्चही निम्मा. एप्रिलमध्ये दाट पेरा, मग विरळणी आणि निंदणी. ऑगस्टअखेर बोंडं फुटू लागली की वेचणी, ती डिसेंबरपर्यंत. बोंडं एकदम फुटत नाहीत, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. सुमारे 1500 पौंड कापसातून सरकी काढली की 500 पौंडांची एक गाठ.

पण तोवर खायचं काय? मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी, सगळं दुकानातून उधार. दुकान पुष्कळदा मालकाचंच. तारण म्हणून हातात न आलेलं पीक. दुकानदाराला हवा फक्त कापूस, कारण तो घरात खाऊन संपत नाही. त्यामुळे मका-भाजीला जागा कमी, आणि उधारी आणखी जास्त.

समजा, सहा गाठी झाल्या. 3000 पौंड, भाव 10 सेंट: 300 डॉलर. कुळाचा वाटा 150. दुकानातून नेलेला माल रोखीत 100 डॉलरचा, उधारीच्या भावानं 125. त्यावर दहा टक्के व्याज, साडेबारा. खताचे 15. एकूण एकशे साडेबावन्न. वर्षभर राबून अडीच डॉलर कर्ज! 1894 च्या सुमारास भाव पाच सेंटांवर आला. त्या भावानं हेच कर्ज साडेसत्याहत्तर होतं. वही मालकाकडे, आणि कुळाला बहुधा वाचता येत नसे.

आपला वाटा परस्पर विकावा, तर तो गुन्हा. नॉर्थ कॅरोलायनाच्या 1877 च्या कायद्यानुसार, देणं फिटेपर्यंत सगळं पीक मालकाच्याच ताब्यात धरलं जाई.

सप्टेंबर 1919 मध्ये आर्कान्सा राज्यातल्या एलेन गावाजवळ कुळांची संघटना एका चर्चमध्ये जमली होती. कापसाला रास्त भाव आणि कलमवार हिशेब मिळावा म्हणून वकील लावायचा होता. गोळीबार झाला, एक गोरा मारला गेला. पुढच्या काही दिवसांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांची कत्तल केली. खटले मात्र कृष्णवर्णीयांवरच चालले. बारा जणांना फाशीची शिक्षा झाली. त्यातल्या सहा जणांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 1923 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला.