मागच्या चाकातली घरघर

(अंधार. फक्त गाडीचा आवाज.)

हा आवाज जरा नीट ऐका. इंजिनचा नाहीये. जात्यावर दळताना खालच्या आणि वरच्या पाळीतून जी घरघर येते ना तशी, एका लयीत, आणि गाडीचा वेग वाढला की ती चढत जाते. ही आमच्या बाबांची मारुती ८००, १९९७ चं मॉडेल, आणि आपण आत्ता साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात आहोत. काचा मुद्दाम खाली घेतल्यात. मोकळ्या रस्त्यावर जो आवाज वाऱ्यात विरून जातो तो इथं भिंतीवर आपटून परत कानात येतो, म्हणून ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी बोगद्यातनं किंवा लांबलचक भिंतीच्या कडेनं जाताना एकदा रेडिओ बंद करून काच खाली घ्यावी, गाडी बरंच काही सांगते.

ही घरघर चाकाच्या बेअरिंगची होती, आम्ही दोन महिने टायरची समजून गाडी चालवली. खरं सांगायचं तर अशी चूक सगळ्यांची होते, कारण टायर उंचसखल झिजला की तो पण असाच घुमतो. पण फरक कळतो. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला की टायरचा आवाज लगेच बदलतो, बेअरिंगचा तसाच राहतो. मग रिकामा रस्ता बघून, ६० च्या आसपास गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिन शांत झालं तरी घरघर चालूच, म्हणजे ती चाकाबरोबर आहे. उताराला मात्र हा प्रयोग करू नका, सपाट रस्त्यालाच करा.

आणि कुठल्या बाजूचं? ते वळणावर कळतं. गाडी उजवीकडं वळते तेव्हा तिचं वजन डाव्या चाकांवर जातं. आमचा आवाज उजव्या लांब वळणावर वाढायचा आणि डाव्या वळणाला जवळजवळ गप्प व्हायचा. म्हणजे डावं चाक. पुढचं का मागचं हे बाबांनी ओळखलं, ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, इथं बुडाखाली लागतंय.

(साताऱ्यातलं एक छोटं गॅरेज, सकाळची वेळ.)

आता थोडं हे बेअरिंग नक्की काय करतं ते बोलू, कारण ते डोळ्यासमोर आलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

आजोबांची बैलगाडी होती. लोखंडी कणा, त्याच्यावर चाकाचा तुंबा, मधे वंगण, आणि चाक बाहेर येऊ नये म्हणून खीळ. तिथं लोखंड लोखंडावर घासतंच, वंगण आहे तोवर ठीक, सुकलं की गाडी रडायला लागते, दोन शेतं पलीकडं ऐकू जाईल एवढी. घासण्याच्या ऐवजी मधे गोळ्या घातल्या आणि त्या घरंगळत ठेवल्या तर? हाच तो विचार. १७९४ मधे वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या माणसानं त्याचं पेटंट घेतलं आणि ते घेतलं ते गाडीच्या कण्यासाठीच, घोडागाडीच्या. पुढं १८९८ मधे हेन्री टिमकेन यांनी निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, ते पण मूळचे बग्ग्या बनवणारेच. म्हणजे बेअरिंग ही काय विमानातनं आलेली गोष्ट नाही, ती चाकाच्या दुखण्यातूनच आलीय. आणि आज आपल्या चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे, पुणे मुंबई रस्त्यानं जाणाऱ्या कितीतरी लोकांना माहीत असेल.

आता आकडे बघा. आमच्या गाडीचा टायर १४५/७० आर १२, त्याचा घेर साधारण १.६ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक सव्वासहाशे फेरे घेतं, आणि सातारा ते पुणे ११० किलोमीटर धरले तर जवळजवळ ६९ हजार. चार माणसं बसल्यावर एकेका चाकावर दोनशे किलोच्या वर भार असतो, आणि तो सगळा भार त्या वेळी खाली असलेल्या दोन-चार गोळ्यांवर, गोळी आणि रेस, म्हणजे गोळ्या ज्याच्यावर घरंगळतात ते कडं, जिथं टेकतात त्या तांदळाच्या कणीएवढ्या जागेवर. तिथं मधे ग्रीसचा जो पापुद्रा असतो तो केसापेक्षा कितीतरी पातळ. तो आहे म्हणून हे सगळं चाललंय.

(जॅक लावतानाचं दृश्य.)

मिस्त्रींनी आधी पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले. पहिला गिअर टाकला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक, आणि जॅकवर गाडी न ठेवता खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. मी हे दोनदा म्हणणार नाही पण कृपा करून ऐका. आणि हो, मागचं चाक बघायचं तर हॅण्डब्रेक सोडायला लागतो, नाहीतर चाक फिरणारच नाही, म्हणून तर पुढं दगड.

मग हात. एक हात चाकाच्या वर, एक खाली, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं, आणि चाक आत बाहेर हलवायचं. टक् असं लागलं की प्ले, म्हणजे ढिलाई, आहे. पण थांबा, पुढच्या चाकाला हा प्ले बॉल जॉइंटचा, म्हणजे चाक खालच्या दांडीला जोडणाऱ्या सांध्याचा, पण असू शकतो. त्यासाठी एका माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा खालचं काहीतरी. तीन आणि नऊवर धरून हलतंय पण बारा-सहाला हलत नाही, तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक, बघा.

आमच्या चाकाला प्ले जवळजवळ नव्हताच! बरेच जण इथंच फसतात, चाक हलत नाही म्हणजे बेअरिंग चांगलं असं म्हणून गाडी खाली घेतात. मिस्त्रींनी एक हात मागच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्यानं चाक फिरवलं, आणि मला म्हणाले, इथं हात ठेव. स्प्रिंगच्या तारेतनं वाळू चाळल्यासारखी खरखर बोटाला लागत होती. उजव्या बाजूला तेच केलं तर काहीच नाही, एकदम लोण्यासारखं. कानाला यायच्या आधी ही खरखर बोटाला येते, आणि यासाठी एक रुपयाचं हत्यार लागत नाही.

(ड्रम काढताना.)

मागच्या चाकाला या गाडीत ड्रम ब्रेक, आणि बेअरिंग ड्रमच्या पोटातच बसवलेली, दोन, त्यांच्यामधे अंतर राखणारी नळी, म्हणजे स्पेसर. टोपी काढली, नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढली, नट काढला आणि ड्रम ओढून घेतला. इथं एक काळजी. जुन्या गाड्यांच्या ब्रेक शूमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळं आतली काळी धूळ तोंडानं किंवा हवेनं फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. आमच्याकडं गॅरेजमधे एअर मारायची सवय एवढी आहे की सांगून सांगून थकायला होतं.

आणि मग ते दिसलं. आतल्या बाजूचं ऑईल सील, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, कडक होऊन त्याचा ओठ फाटलेला, आणि ग्रीस, जे पिवळट किंवा लालसर असायला पाहिजे ते दुधाळ चॉकलेटी झालेलं. म्हणजे पाणी. मागच्या पावसाळ्यात बाबांनी गाडी एका ओढ्यावरच्या पाण्यातनं काढली होती, चाकाच्या मधोमध पाणी होतं. होतं काय, गाडी चालून हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, गरम झालेला असतो, तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतनं पाणी आत ओढलं जातं. नंतर ते आपोआप बाहेर येत नाही. ग्रीसमधे बसून राहतं आणि गाडी उभी असताना गोळी जिथं टेकलीय तिथं गंज धरतं. पाण्यातनं गाडी गेली की महिन्याभरात चाकं एकदा हातानं तपासा, आवाजाची वाट बघू नका. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाईप थेट हबच्या तोंडावर मारतात तेव्हाही हेच होतं.

बेअरिंग बाहेर काढून रॉकेलमधे धुतलं आणि उन्हात धरलं. आपल्या गाडीचं बेअरिंग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चांगली रेस आरशासारखी असते, किंवा एकसारखी राखाडी. आमच्या रेसवर एका बाजूला बारीक खड्डे पडलेले, पोपडा निघाल्यासारखे, आणि दोन ठिकाणी गोळ्यांच्या अंतरावर काळे डाग. कधीकधी निळा जांभळा रंग दिसतो, ते बेअरिंग तापलेलं असतं आणि स्टीलचा कडकपणा गेलेला असतो. ठरावीक अंतरावर गोलसर खळगे दिसले तर चाक मोठ्या खड्ड्यात जोरात आपटलंय किंवा बसवताना कोणीतरी हातोडा मारलाय. आणि धुतलेलं बेअरिंग हवेनं गरागरा फिरवू नका, त्याचा जो सुईं आवाज येतो तो मुलांना गंमतशीर वाटतो पण त्यात ग्रीस नसतं, आणि केज, म्हणजे गोळ्यांना अंतरावर धरून ठेवणारी जाळी, फुटून गोळी उडाली तर डोळा जातो.

बाबांनी विचारलं, ग्रीस भरून अजून वर्षभर चालेल का? मला वाटतं हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजमधे रोज विचारला जातो. मिस्त्री म्हणाले, "काका, ग्रीस भरलं तर आवाज चार दिवस दबेल, पण खड्डा भरायचा नाही." आणि तेच खरं आहे, खड्ड्याच्या कडेवरनं दर फेऱ्याला गोळी आपटते आणि कड अजून तुटते, तुटलेला कण ग्रीसमधे फिरून बाकीची रेस खातो. ग्रीसनं चांगलं बेअरिंग चांगलं राहतं. गेलेलं परत येत नाही. आधी ग्रीस भरून दबवलेला आवाज जास्त वाईट, कारण पुढच्या वेळी तो येतो तेव्हा रस्ता घाटाचा असू शकतो, केज तुटलेली असू शकते, आणि ड्रम तिरका होऊन ब्रेक पण हातचा गेलेला असतो.

(नवीन बेअरिंग, पुडा उघडताना.)

नवीन घेताना ओळखीच्या दुकानातनं, बिल घेऊन, आणि जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर नव्याशी पडताळून. बाजारात नामांकित कंपन्यांच्या पुड्यात नकली माल येतो. सील पण नवीनच, बेअरिंग नवं आणि सील जुनं हा सगळ्यात खोटा काटकसरीपणा.

बसवण्याचा नियम एकच आहे. ड्रममधे ढकलताना जोर बाहेरच्या रेसवर, शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रेसवर. गोळ्यांमधून जोर कधीच जाऊ द्यायचा नाही. उलटं केलं तर बेअरिंग नवंकोरं असताना मरतं, वरनं काही दिसत नाही, पाचशे किलोमीटरवर घरघर सुरू होते आणि लोक म्हणतात माल खराब निघाला. याआधी एका ठिकाणी आम्हीच उजव्या बाजूचं बेअरिंग छन्नी हातोड्यानं बसवून घेतलं होतं, ते सहा महिने पण टिकलं नाही. यावेळी मिस्त्रींनी जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस घासून तिचाच ठोकळा केला आणि प्रेसवर अलगद दाबलं.

पुढच्या चाकाचं काम मात्र घरी करायच्या भानगडीत पडू नका, या गाडीत ते नकलमधे, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या लोखंडी भागात, प्रेसनं बसवलेलं असतं, नकल उतरवून प्रेसवाल्याकडंच न्यावं लागतं.

आता एक गोष्ट, जी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली आणि जिच्यासाठी खरं तर मी हा व्हिडिओ करतोय. शेजारी एक जुनी जीप उभी होती. तिच्या पुढच्या हबमधे टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरच्या बेअरिंगची जोडी असते, प्रत्येकाला कप आणि कोन, म्हणजे बाहेरचं आणि आतलं कडं. तिथं नट आवळताना चाक फिरवत फिरवत आवळतात म्हणजे रोलर नीट बसतात, मग नट थोडा मागं घेतात, इतका की चाक मोकळं फिरेल पण हाताला ढिलाई जाणवणार नाही, कागदाच्या जाडीएवढी मोकळीक. घट्ट ठेवलं तर तापून जळतं. जुने मिस्त्री जीपवर शिकलेले, त्यांच्या हाताला ती सवय, आणि तोच हात मारुतीवर चालवला, नट आवळून अर्धा फेरा मागं घेतला, की वाटोळं. कारण मारुतीत साध्या गोळ्यांचं बेअरिंग, मधे स्पेसर, तिथं मोकळीक कारखान्यातच ठरलेली असते, नट मॅन्युअलमधे दिलाय तेवढ्या टॉर्कनं, म्हणजे पिळाच्या जोरानं, पूर्ण आवळायचा. सैल ठेवला तर आतली रेस शाफ्टवर सरकते आणि शाफ्टच झिजतो. मग बेअरिंगवर भागत नाही. मिस्त्रींनी टॉर्क रेंच लावला, कट् आवाज आला, नवीन स्प्लिट पिन घातली, जुनी सरळ करून परत घालायची नाही, ती दुसऱ्यांदा वाकवली की तुटू शकते.

ग्रीस लिथियमचं, बेअरिंगच्या केजमधे बोटानं दाबून दाबून पूर्ण भरलं, पण हबच्या पोटात जास्तीत जास्त एक तृतीयांश. खूप भरलं की फिरताना ते घुसळतं, तापतं आणि सीलमधनं ब्रेक शूवर येतं. जुनं नवं ग्रीस एकात एक करू नका, सगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मुरत नाहीत, पातळ होऊन वाहून जातात.

(परत रस्ता.)

वीस किलोमीटर चालवून थांबलो, ब्रेक फारसा न दाबता. मागच्या दोन्ही ड्रमच्या मधोमध हाताची पाठ जवळ नेली, आधी लांबून मग जवळ. दोन्हीकडं सारखंच कोमट. एक बाजू चटका देत असती तर परत उघडावं लागलं असतं. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे चारही नट परत तपासले.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले पुण्याला जाऊ. काम काही नव्हतं. बोगदा आला तशी त्यांनी स्वतःहून काच खाली घेतली, आणि आम्ही दोघं काही न बोलता ऐकत बसलो. इंजिनचा आवाज होता, समोरच्या ट्रकचा होता, टायरचा हलका सर्र होता.

(बोगद्याचं दुसरं तोंड, उजेड.)