विरळ झालेल्या हिरवळीची दुरुस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

रोहिणी नक्षत्र लागलंय, वळवाच्या एकदोन सरी बऱ्याच ठिकाणी पडून गेल्यात. बंगल्यापुढचं किंवा सोसायटीतलं लॉन या दिवसांत नीट पाहिलंत, तर उन्हाळ्यानं त्याचे काय हाल केलेत ते दिसतं. फाटकाजवळ माती उघडी पडलेली, झाडाखाली चार काड्या उरलेल्या, मधेच कुठेतरी टक्कल. आणि मग सल्ला मिळतो, की हे सगळं खरवडून काढा, गवताचं नवीन तयार कार्पेट आणून अंथरा. तीन महिने ते छान दिसतंही. पण जुनं गवत ज्या कारणानं गेलं ते कारण तिथंच असतं, आणि पुढच्या मे महिन्यात आपण पुन्हा नर्सरीच्या दारात उभे.

आपल्याकडच्या बहुतेक लॉनमध्ये मूळ गवत असतं हरळी, नाहीतर तिच्याच निवडक जाती. ही हरळी किती चिवट असते, ते काळ्या रानात राबणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. नांगरलं की तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेर पुन्हा रुजतं. दूर्वेच्या जुन्या वैदिक मंत्रातही ती कांड्याकांड्यातून, पेरापेरातून फुटते असंच वर्णन आहे. शेतात जी हटता हटत नाही, ती आपल्या अंगणात पाणी घालूनही का मरते? खतापेक्षा आधी या प्रश्नाकडे बघायला हवं.

पहिल्यांदा वर बघा. हरळीला ऊन लागतं, आणि तेही भरपूर. दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन नसेल तर ती लांबट, फिकी होते आणि हळूहळू निघून जाते. लॉन लावलं तेव्हा आंब्याचं झाड खांद्याएवढं होतं, आज त्याचा मांडव झालाय. किंवा शेजारच्या बैठ्या घराच्या जागी सात मजले उभे राहिलेत. अशा ठिकाणी युरिया टाकून काही होत नाही. फांद्या छाटून ऊन आत येणार असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची रीतसर परवानगी घेऊन छाटा. तसं होणार नसेल तर तेवढ्या तुकड्यात गवताचा हट्ट सोडा. तिथं नावालाच ग्रास असलेलं मंडो ग्रास लावा, सिंगोनियमचा वेल पसरू द्या, नाहीतर सरळ फरशी टाकून बाकडं ठेवा. झाड तोडून लॉन वाचवणाऱ्यांबद्दल मी रेडिओवर काही बोलत नाही.

आता खाली. जमीन ओली असताना एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि गवतात हातानं दाबा. टीचभर सहज गेला तर ठीक. दोन बोटांवरच अडला तर जमीन घट्ट बसलीय, मुळांना हवाही नाही आणि वाटही नाही. आणि ‘खट्’ आवाज आला तर समजा राडारोडा लागला. बांधकाम संपल्यावर विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, फरशीचे कपटे जागीच पसरायचे आणि वर चार इंच लाल माती टाकून लॉन करून द्यायचं, हा प्रकार सर्रास चालतो. दर एप्रिलला त्याच जागी, त्याच आकाराचा डाग करपत असेल तर तिथं पहार घाला आणि खालचा माल उपसून काढा. सिमेंटच्या चुन्यानं माती अल्कधर्मी होते, मग जमिनीत लोह असूनही गवताला घेता येत नाही. पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, ही त्याची खूण. त्यावर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात.

तिसरी तपासणी हातानं. डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. मुळं न तुटता सगळा थर अलगद उचलला गेला, तर खाली हुमणी आहे. पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली अळी, ती मुळंच खाते. तिचे भुंगेरे पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर गोळा होतात. फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. गावात हे सगळे मिळून करतात. सोसायटीतही करायला हरकत नाही, मुलं तर आनंदानं येतील. अळ्या झाल्याच असतील तर मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्या, प्रमाण पाकिटावर असतं.

कारण सापडलं, की दुरुस्ती. त्यासाठी मृगाचा पाऊस स्थिरावला की सुरुवात करावी. थंडीत हरळी वाढतच नाही, तेव्हा केलेली मेहनत वाया.

जमीन घट्ट असेल तर चार दातांचा लोखंडी काटा, नाहीतर जाड सळई घ्या. चार-चार इंचांवर, चार इंच खोल भोकं पाडत जा. कंटाळवाणं काम आहे, माळी टाळतो, पण सगळ्या दुरुस्तीत गुण याचाच येतो. मग चाळलेलं कंपोस्ट आणि जाड वाळू एकत्र करून वर पसरा आणि झाडूनं भोकांत लोटा. १०० चौरस फुटांना चार-पाच घमेली पुरतात. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत.

टक्कल पडलेल्या जागी आपल्याच हिरवळीच्या दाट भागातून हरळी काढून दोन-तीन पेरांचे तुकडे चार इंचांवर टोचा. जागा मोठी असेल तर याहून सोपी जुनी रीत आहे, टर्फ प्लास्टरिंग. हरळी दोन-दोन इंच चिरायची, ताजं शेण आणि बागेतली माती घालून पाण्यात कालवायची, भजीच्या पिठाइतपत घट्ट. सपाट केलेल्या ओल्या जमिनीवर हा काला इंचभर जाडीनं थापायचा, वर दोन दिवस वाळलं गवत झाकायचं आणि झारीनंच पाणी द्यायचं. पंधरवड्यात फुटवे दिसू लागतात. हात शेणात घालायला लागतात, तेवढीच अडचण.

खत त्यानंतर. १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम युरिया पुरे. पानं कोरडी असताना फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. मुसळधार पावसात टाकलात तर तो गटारातच जाणार.

कापणीबद्दल मात्र जरा भांडावंसं वाटतं. महिनाभर गवत वाढू द्यायचं आणि एक दिवस मशीन खाली करून पार तपकिरी देठांपर्यंत उतरवायचं, ही पद्धत लॉन विरळ करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. साधी हरळी दीड इंचावर ठेवा, अर्धवट सावलीत थोडी जास्त. म्हणजे पावसाळ्यात दर आठवड्याला कापणी आली. ते जमणार नसेल तर लॉन लहान करा.

पाण्याचंही तसंच. रोज संध्याकाळी पाइप धरून पानं भिजवली की मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात माना टाकतात. पावसानं ओढ दिली तर आठवड्यातून दोनदाच, सकाळी, पण खोलवर पाणी द्या. आठवड्याला इंचभर पाणी म्हणजे १०० चौरस फुटांना जवळजवळ २३५ लिटर. हजार फुटांचा हिशेब तुम्हीच करा. ज्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर येतात, तिथं तो टँकर लॉनवर रिकामा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुरलेली हरळी उन्हाळ्यात वाळून तपकिरी होते, पण जमिनीखालच्या कांड्या जिवंत असतात आणि पावसाबरोबर त्या पुन्हा फुटतात.

लव्हाळा शिरला असेल तर उपटू नका, गाठी खालीच राहतात. पाऊस उघडल्यावर खुरप्यानं गाठीसकट काढा, आणि पुन्हा उगवला की पुन्हा काढा. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलंत तर लव्हाळ्याबरोबर हरळीही जाईल.

आणि भाद्रपदात गणपतीला वाहायला याच हिरवळीतल्या दूर्वा खुडणार असाल, तर जिथं कीटकनाशक टाकलंय तो भाग सोडून खुडा. पूजेनंतर त्या घरातल्या लहानग्यांच्या हाती लागतात.

नमस्कार.