लेखी द्या, पोच घ्या

नमस्कार श्रोतेहो. शाळा सुरू झाल्यात, घरात रेनकोट वाळत घालायला जागा उरलेली नाही, आणि अशातच काही आईबापांना शाळेतून बोलावणंही आलं असेल. "तुमच्या मुलाला इथलं झेपत नाही, दुसरीकडे बघा." आज मी त्या आईबापांशी बोलणार आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 सालचा, लागू झाला एप्रिल 2017मध्ये. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, आणि एरवी चुणचुणीत पण वाचताना, लिहिताना अडखळणारी मुलंही आहेत. शाळा सरकारी असो, अनुदानित असो की नुसती मान्यता असलेली खासगी असो, दिव्यांग आहे म्हणून मुलाला बाहेरची वाट दाखवता येत नाही. पुन्हा सांगते, नुसती मान्यता असली तरी पुरे.

बाकीची कलमं राहू देत. मी खाजेवाल्या बाईंचं सांगते.

या बाई गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या. जत्रा असेल तिथं त्यांचं दुकान. खाजे कसे, तर आल्यानं जीभ चुरचुरणारे. हल्ली आल्याच्या नावानं बोंब आणि वरून गुळाचा नुसता लेप. जत्रांमधून आलं गेलं तेव्हाच अर्धी मजा गेली असं माझं मत आहे, पण असो.

त्यांचा मुलगा आठवीत होता. दुकानावर हिशेबाला पक्का. गिऱ्हाइकानं पाव किलो खाजे आणि वर शेव मागितली, पाचशेची नोट पुढे केली, की आई पिशवी बांधेपर्यंत याच्या हातात सुटे पैसे तयार. पण वही उघडली की 'सकाळ'चं 'साकळ' व्हायचं. त्यात इंग्रजी, हिंदी, मराठी एकदम. तीन तासांच्या पेपरात पान अर्धं भरायचं, तेही खोडून खोडून.

मी त्या शाळेत माझ्या कामासाठी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. मुख्याध्यापक अगदी गोड आवाजात समजावत होते, "बाई, आमच्याकडे सोय नाही. त्याच्याच भल्यासाठी सांगतो, दाखला घेऊन जा."

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तितलें बरोवन दियात."

सर गप्प. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग सरांनी चहा मागवला. आता हे कागदावर कोण लिहून देणार? लिहिलं की तो पुरावाच झाला.

चहा तसाच ठेवून बाईंनी पिशवीतून अर्ज काढला. साखळीला कॉलेजात शिकणाऱ्या भाचीनं लिहिलेला. मुलाची तपासणी व्हावी, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळावा, तिसऱ्या भाषेतून सूट मिळावी. बाहेर क्लार्कनं तो घेऊन ट्रेमध्ये टाकला. बाईंनी दुसरी प्रत पुढे केली, "यावर शिक्का मारा." क्लार्क हसला, "पोच कशाला, आम्ही पळून चाललोय का?"

"उधारीवाला पण असंच म्हणतो," बाई म्हणाल्या.

शिक्का बसला. तारखेसकट.

त्या शिक्क्यानंतर मुलगा तपासणीसाठी सरकारी इस्पितळात गेला, अहवाल आला, शाळेमार्फत कागद बोर्डाकडे गेले. दहावीला लेखनिक मिळाला, खालच्या वर्गातला एक पोरगा. मुलगा पास झाला. बाईंची तक्रार एकच, लेखनिकाचं अक्षर गिचमिड होतं! सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धांवर शाळा इतका वेळ का घालवतात ते मला कधी कळलेलं नाही, पण बाईंना ते कोण सांगणार.

तर लेखी द्या आणि पोच घ्या.

आता एक गैरसमज. 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही तर काहीच मिळत नाही, असं सर्रास सांगतात. 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आणि पुढे सरकारी, अनुदानित कॉलेजात किमान 5 टक्के राखीव जागा, यांना 40 टक्के लागतात. पण लेखनिकासाठी ती अट घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021मध्ये सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराचा तो खटला होता. डॉक्टरांचा अहवाल लागतो, तो मात्र सोडू नका.

मोफत शिक्षण जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, हे ठरवण्याचा हक्क कायद्यानं तुमच्या मुलाला दिलाय. विशेष शाळा वाईट असं मी म्हणत नाही. पण "तिकडेच न्या" असं शाळेनं परस्पर ठरवायचं नाही.

अर्ज देऊनही शाळा हलली नाही तर शिक्षण खात्याला लिहा, आणि गोव्याच्या राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांना समोरच्याला बोलावून घेण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीला पोच घेतलेल्या अर्जाची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत घरीच ठेवा. आणि दहावीचं वर्ष असेल तर मार्चची वाट बघू नका, तपासणीच्या तारखेसाठी याच आठवड्यात इस्पितळ गाठा. नमस्कार.