पन्नास पेन्सचं तिकीट

नमस्कार श्रोतेहो.

पंक रॉक या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर काय येतं? रंगवून ताठ उभे केलेले केस, फाटकी जीन्स, गालात टोचलेली सेफ्टी पिन आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट. आता सेफ्टी पिनेची ओळख मराठी घरात कुणाला करून द्यायला नको. आपल्या आयाआज्यांच्या बांगडीत चारदोन पिना कायम अडकवलेल्या असायच्या. पदरापासून चपलेच्या तुटलेल्या अंगठ्यापर्यंत सगळं त्यावर निभावायचं. लंडनच्या पोरांनी ती आधी शर्टाला लावली, मग कानाला, मग गालाला. हे सगळं फोटोत छान दिसतं म्हणून तेच लक्षात राहिलं. मला आज सांगायचंय ते वेगळंच आहे. वाजवणारा वर आणि ऐकणारा खाली, ही जी मधली पायरी असते ना, ती पंकनं काढून टाकली. केस आणि पिना नंतरच्या. आधी ती पायरी गेली.

आधी थोडी पार्श्वभूमी. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉक संगीत फार श्रीमंत झालं होतं. बड्या बँडांचं सामान ट्रक भरभरून यायचं, एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं, आणि मधे गिटारवाला एकटाच सुटला की लोक बाहेर जाऊन खाऊनपिऊन परत यायचे तरी त्याचं संपलेलं नसायचं. न्यूयॉर्कच्या बावरी भागात, म्हणजे तेव्हा दारुड्यांच्या आणि बेघरांच्या वस्तीत, १९७३ साली सीबीजीबी नावाचा एक क्लब निघाला. तिथं रमोन्स नावाचे चौघे वाजवू लागले. चौघांनीही आडनाव एकच घेतलं, जॅकेटं सारखी, आणि गाणी दोन-दोन मिनिटांची. १९७६च्या एप्रिलमध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली. चौदा गाणी, आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात! आपल्याकडे अर्ध्या तासात प्रास्ताविक होत नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, मग पाहुण्यांचा परिचय करून देणारा गृहस्थ पाहुण्यांपेक्षा जास्त बोलणार. आमच्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या निमंत्रकांना ती रेकॉर्ड एकदा सक्तीनं ऐकवावी असं माझं फार दिवसांचं मत आहे. असो.

लंडनला किंग्ज रोडवर माल्कम मॅकलॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचं कपड्यांचं दुकान होतं. त्या दुकानात घुटमळणाऱ्या पोरांमधून सेक्स पिस्टल्स हा बँड उभा राहिला. १९७५च्या नोव्हेंबरात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, एका कला महाविद्यालयात. बाहेर ब्रिटनची काय अवस्था? बेकारी वाढत चाललेली, महागाई भडकलेली, आणि १९७६ संपता संपता सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात कर्जासाठी उभं. शाळा सोडलेल्या पोरासमोर काही नव्हतं. हा सगळा इतिहास तुम्हाला कुठंही मिळेल. मी येतो माझ्या आवडत्या गोष्टीकडे.

गोष्ट मँचेस्टरची आहे. मँचेस्टर म्हणजे आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून बोटीत चढून ज्या मुलखात जायचा, ते गाव. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, ते हेच. १९७६पर्यंत तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडलेल्या होत्या. गिरणी बंद पडली की भोवतालच्या वस्तीचं काय होतं, हे लालबाग-परळच्या श्रोत्यांना मी काय सांगणार?

तर या मँचेस्टरजवळ बोल्टनला दोन विद्यार्थी होते, हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली. दोघांना बँड काढायचा होता, पण नेमकं काय वाजवायचं ते ठरत नव्हतं. १९७६च्या फेब्रुवारीत त्यांनी एका संगीत साप्ताहिकात छोटंसं परीक्षण वाचलं. लंडनच्या कुणा सेक्स पिस्टल्सबद्दलचं. त्यात त्या बँडमधला एक जण म्हणतो, आम्हाला संगीतात रस नाही, आम्हाला गोंधळात रस आहे. झालं! दोघांनी कुणाची तरी गाडी मागून घेतली आणि थेट दक्षिणेला निघाले. ओळीनं दोन दिवस, लंडनच्या आसपासच्या दोन गावांत, त्यांनी पिस्टल्स ऐकले. मग दुकानवाला मॅकलॅरन, जो या बँडचा कारभार बघायचा, त्याला गाठून विचारलं, मँचेस्टरला याल का? तो म्हणाला, तुम्ही जमवत असाल तर येतो.

यांनी जमवलं. फ्री ट्रेड हॉल ही मँचेस्टरची मानाची इमारत. ज्या मैदानावर ती बांधली, तिथं १८१९ साली मताधिकार मागायला जमलेल्या लोकांवर सरकारनं घोडेस्वार सोडले होते, माणसं मेली. याच इमारतीतल्या मोठ्या सभागृहात १९६६ साली लोकगीतं गाणाऱ्या बॉब डिलननं इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून श्रोत्यांतला एक जण त्याला ‘जुडास’ असं, म्हणजे येशूला दगा देणाऱ्या शिष्याच्या नावानं, ओरडला होता. आपल्या पोरांना मोठं सभागृह कुठलं परवडायला? त्यांनी वरचं धाकटं घेतलं. तारीख ठरली ४ जून १९७६, तिकीट पन्नास पेन्स.

पिस्टल्सच्या आधी आपणच वाजवायचं असा यांचा बेत होता. पण ऐनवेळी बँडच मोडला. बास गिटारवाला, म्हणजे खर्जातली गिटार वाजवणारा, नाही, ड्रमवाला नाही. शेवटी बोल्टनचाच सोल्स्टिस नावाचा एक बँड आधी वाजवायला उभा केला. आणि ज्यांनी हा सगळा घाट घातला त्यातला पीट शेली दारापाशी तिकिटं फाडत बसला. त्यानं बासवाला पाहिजे म्हणून जाहिरात दिली होती, आणि कुणीतरी भेटायला येणार होता, त्याची वाट बघत.

बाहेर रस्त्यावर मॅकलॅरन. अंगात चामड्याचे कपडे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतोय, आत या, आत या, लंडनचा बँड आहे. अगदी आपला एसटी स्टँडबाहेरचा वडापवाला! त्यानं तिथं एका तरुणाला हटकलं. त्याचं नाव स्टीव्ह डिगल. डिगल म्हणाला, मला कार्यक्रमबिर्यक्रम नकोय, मी इथं एकाला भेटायला थांबलोय, आम्ही बँड काढणार आहोत. मॅकलॅरनला वाटलं, हाच तो बासवाला. म्हणाला, अरे, तो आत आहे की! आणि डिगलला हाताला धरून शेलीपुढं नेऊन उभा केला.

आता पुढची दोनचार मिनिटं बघा. शेली समजतोय, हा माझ्या जाहिरातीचा माणूस. डिगल समजतोय, फोनवर बोलला तो हाच. तू बास वाजवतोस ना? वाजवतो. बँड काढायचाय ना? काढायचाय. बोलणं पुढं पुढं चाललंय, आणि दोघांचंही जुळत नाहीये, कारण दोघंही भलत्याच माणसाशी बोलतायत! घोटाळा लक्षात आला तोवर आत पिस्टल्सची वेळ झाली होती. मग ते आत गेले, ऐकलं, आणि डिगल त्यांच्या बँडमध्ये राहिला तो राहिलाच. बझकॉक्स या बँडची जन्मकथा ही अशी. स्वतः डिगलनं ती हयातभर सांगितली आहे. ज्या बिचाऱ्याला तो खरं भेटणार होता तो बाहेर किती वेळ उभा राहिला असेल, हा विचार मला दर वेळी छळतो. कुठल्याही इतिहासात त्याला एक ओळ नाही.

आत माणसं किती होती? चाळीसेक. खुर्च्या रिकाम्या. पुढं निम्मं मँचेस्टर म्हणू लागलं की आम्ही त्या रात्री तिथं होतो. तेवढी तिकिटं खपली असती तर शेलीला उभ्याउभ्या घाम फुटला असता. पण त्या चाळिसांत होते कोण? बर्नर्ड समनर आणि पीटर हुक, पुढं जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर या बँडांतले. द फॉल काढणारा मार्क ई. स्मिथ होता. मॉरिसी होता, पुढं द स्मिथ्सचा गायक झालेला. पीटर हुकनं आयुष्यात बास गिटार हातात धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं आईकडून पस्तीस पौंड उसने घेतले आणि बास विकत आणली. का? पिस्टल्स फार छान वाजवत होते म्हणून? छे! त्यांचं ऐकून त्याला वाटलं, हे तर मलाही येईल. मघाशी पायरी म्हणालो ती हीच. थोर कलाकाराला ऐकून आपण हात जोडतो आणि घरी येतो. इथं चाळीस माणसं घरी आली आणि त्यांतली कितीतरी वाजवायला बसली.

दीड महिन्यानं, २० जुलैला, पिस्टल्स पुन्हा त्याच हॉलमध्ये आले, आणि या वेळी बझकॉक्स त्यांच्याआधी मंचावर होते. वर्ष संपायच्या आत यांनी रेकॉर्डही करून टाकली. पाचशे पौंड उसनवारीचे, त्यात शेलीच्या वडिलांचेही. चार गाणी, एका दिवसाचं काम. त्यातल्या एका गाण्यातला गिटारचा एकल तुकडा दोनच सुरांचा आहे. तेच दोन सूर, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. पाकिटावरचा फोटो गावातल्या पुतळ्यापाशी झटपट कॅमेऱ्यानं काढलेला, आणि मागे चक्क छापलेलं की कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात घेतलं. म्हणजे जादूगारानं आपणच टोपीचा तळ दाखवावा तसं. कंपनीही यांचीच. १९७७च्या जानेवारीत हजार प्रती काढल्या. त्या संपल्या, पुन्हा काढल्या, आणि आकडा सोळा हजारांवर गेला. रेकॉर्ड काढायला लंडनच्या बड्या कंपनीचे उंबरे झिजवावे लागत नाहीत, हे ब्रिटनभरच्या पोरांना यातून कळलं. आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांची सायक्लोस्टाइल पानं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना ही खुमखुमी ओळखू येईल.

बाकीचं पटकन सांगतो. १९७६च्या १ डिसेंबरला पिस्टल्सनी संध्याकाळच्या टीव्हीवर, घरोघर चहाच्या वेळेला, शिव्या दिल्या आणि देशभर गहजब झाला. १९७७ला राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता, त्याच मुहूर्तावर राणीवरचं त्यांचं गाणं आलं. बीबीसीनं बंदी घातली, तरी ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. १९७८च्या जानेवारीत बँड फुटला. काही पंक पोरं केवळ म्हाताऱ्यांना डिवचायला नाझींचं चिन्ह अंगावर मिरवायची. तो निव्वळ माजोरीपणा होता, त्याची मी तरी तरफदारी करणार नाही.

आणि म्हणूनच एक गोष्ट सांगायची राहता कामा नये. ४ जून १९७६, मँचेस्टरच्या त्या कार्यक्रमाची तारीख. त्याच दिवशी लंडनच्या साउथहॉलमध्ये, आपल्या पंजाबी लोकांच्या वस्तीत, गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा वर्णद्वेष्ट्या गोऱ्या तरुणांनी भर रस्त्यात खून केला. दोन महिन्यांनी एरिक क्लॅप्टन हा नामवंत गिटारवादक बर्मिंगहॅमच्या मंचावरून परदेशी लोकांना हाकला असं बरळला. त्यावर चिडून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’, म्हणजे वर्णद्वेषाविरुद्ध रॉक, ही चळवळ उभी राहिली, आणि पंक बँड तिच्यात उतरले. ३० एप्रिल १९७८ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारोंनी लोक जमले. द क्लॅश वाजवत होते, बर्मिंगहॅमचे स्टील पल्स होते, जमैकाचं रेगे संगीत वाजवणारे, आणि एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन गात होती. वडील सोमाली, आई गोरी, दातांना तारा. अशी गायिका तोवर कुठल्या कंपनीनं मंचावर येऊ दिली असती?

त्याच सुमारास मार्गारेट थॅचर, तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या आणि पुढच्या पंतप्रधान, टीव्हीवर म्हणाल्या की परक्या संस्कृतीच्या लोकांच्या लोंढ्यात आपण बुडू अशी लोकांना भीती वाटते. दक्षिण लंडनमधल्या तीन पाकिस्तानी घरांतल्या पोरांनी आणि त्यांच्या एका गोऱ्या मित्रानं ते ऐकलं, आणि १९७९ला बँड काढला. नाव ठेवलं एलियन कल्चर, म्हणजे परकी संस्कृती. आईवडिलांना मुलगा डॉक्टर-हिशेबनीस व्हायला हवा होता, रस्त्यावरच्या टोळक्यांना तो देशातच नको होता, आणि पोरं या दोन्हींवर गाणी लिहीत होती. १९८०मध्ये त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. त्यांचं वाजवणं कच्चं होतं म्हणे. असेल.

बराय श्रोतेहो, बातम्यांची वेळ झाली. नमस्कार.