डेल्टा: कृष्णाकाठावरून एक अक्षर

"साहेब, आज डेल्टावर बोलणार म्हणे. कोरोनाचा का मोटारीचा?" मघाशी पायऱ्या चढताना एका आजोबांनी मला विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला. सांगलीतला माणूसच तो असा विचारू शकतो.

डेल्टा हे ग्रीक वर्णमालेतलं चौथं अक्षर. मोठं काढायचं तर सरळ त्रिकोण. ग्रीकांनी ते फिनिशियन लोकांकडून घेतलं. तिकडं त्याचं नाव 'दालेथ', म्हणजे दार. अरबी-उर्दूतला 'दाल' आणि इंग्रजीतला 'डी' ही त्याचीच भावंडं.

कोरोनाच्या डेल्टाचा त्रिकोणाशी काही संबंध नाही. तिथं फक्त क्रमांक आहे. विषाणूच्या नव्या रूपाला देशाचं नाव चिकटून त्या देशाला बट्टा लागू नये, म्हणून 31 मे 2021 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं ग्रीक अक्षरं लावायचं जाहीर केलं. अल्फा, बीटा, गॅमा झाले. आपल्याकडं पहिल्यांदा सापडलेल्या रूपाच्या वाट्याला चौथं अक्षर आलं. पण लस टोचली ती दंडाच्या वरच्या, खांद्यालगतच्या स्नायूत. त्याला डेल्टॉइड म्हणतात, आणि ते नाव मात्र त्रिकोणावरूनच पडलंय.

मोटारीचा डेल्टाही त्रिकोणच. थ्री फेज मोटारीत तारेच्या तीन गुंडाळ्या, त्यांची सहा टोकं. एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्याला असं जोडत गेलं की त्रिकोण पुरा होतो. तीन टोकं एकाच बिंदूत बांधली की स्टार. स्टारमध्ये प्रत्येक गुंडाळीला 415 ऐवजी साधारण 240 व्होल्टच मिळतात, आणि मोटार थेट डेल्टात सुरू केली असती तर लाइनवरून जेवढा करंट ओढला असता, त्याच्या एक तृतीयांश ओढते. नदीकाठच्या पंपाच्या स्टार्टर पेटीजवळ उभं राहून ऐका. बटण दाबलं की मोटार आधी जडपणे घुमते. काही सेकंदांनी पेटीत 'खट्' वाजतं, आवाज चढतो आणि पाइपातून पाणी येतं. तो 'खट्' म्हणजे स्टार सुटून डेल्टा बसल्याचा. शाळेची पायरी न चढलेला गडीसुद्धा हा आवाज ओळखतो. माझ्या लेखी हे ज्ञानच आहे.

आता नदीचा डेल्टा. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसनं नाईलच्या मुखाकडच्या प्रदेशाला हेच नाव वापरलं. आजच्या नकाशात उत्तर वर असते, म्हणून तो त्रिकोण उलटा दिसतो. समुद्राकडून येऊन दक्षिणेला पाहिलं की अक्षर सुलटं होतं. आपल्या भूगोलाच्या पुस्तकानं याला 'त्रिभुज प्रदेश' म्हटलं. आकार पाहून नाव द्यायची आपलीही जुनी खोड आहे. 'पोटफोड्या ष' म्हणतोच की आपण.

मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली. तिथं चौथाच डेल्टा होता. पिकाला पेरणीपासून काढणीपर्यंत दिलेलं सगळं पाणी रानात एकदम उभं केलं तर त्याची उंची किती भरेल, तो त्या पिकाचा डेल्टा. गव्हाला पाण्याच्या साडेसात सेंटिमीटरच्या पाच पाळ्या दिल्या तर डेल्टा साडेसदतीस. उसाचा आम्ही 120 सेंटिमीटर धरायचो. म्हणजे कमरेच्या वर पाणी! एका हेक्टरला 1 कोटी 20 लाख लिटर. हा हिशेब बांधावर बसून सांगितला की शेतकरी गप्प व्हायचे. त्यांना पाळ्या ठाऊक असत, पण साठलेलं पाणी असं कुणी दाखवलेलं नसे.

आणि इथंच दोन डेल्टा एकमेकांना भिडतात. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली करत सुमारे 1400 किलोमीटर जाते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला मिळते. तिथला त्रिभुज प्रदेश नदीनं वरून नेलेल्या गाळाचा आहे. त्यात आपल्या घाटमाथ्याची झीजही आली. पाणी आपण वरच अडवतो, पिकांना देतो. गाळ धरणांत बसतो. त्यामुळं खाली पोचणारा गाळ फार घटलाय आणि किनाऱ्याचे काही भाग समुद्र खातोय. ऊस लावू नका, असं मी म्हणत नाही, माझ्याच घरात ऊस आहे. पण पाळीचा हिशेब करताना तो खालचा त्रिकोण मला दिसतो, आणि तो तुम्हालाही दिसावा असं फार वाटतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरल्यावर आपण सगळ्यांनीच घरातला गाळ उपसला. आमच्या उंबऱ्यावर चांगला वीतभर थर होता, लोण्यासारखा मऊ. फावड्यानं ओढताना धाकट्या नातवानं विचारलं, "आजोबा, हा कुठं चालला होता?"

मी फावडं टेकवलं आणि त्याच गाळात बोटानं एक त्रिकोण काढून दाखवला.