बरक्या फणसाची गिटार

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘लाकडाला आवाज असतो का?’ वेळ चाळीस मिनिटं. त्यातली बारा सत्कारात गेली, पण शाल-नारळ माझ्याच मांडीवर आहेत, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. उत्तराकडे येतोच. आधी झाड.

तौक्ते तुम्हाला आठवतंय. २०२१, मे महिन्याचा मध्य. वेंगुर्ल्यात किती दिवस लाईट नव्हती ते मी सांगायला नको. त्या वादळात आमच्या मागल्या परड्यातला फणस मुळासकट आडवा झाला. बरका. पणजोबांनी लावलेला म्हणतात; आमच्याकडे प्रत्येक झाड पणजोबांनीच लावलेलं असतं. मी बँकेतून नुकताच सुटलो होतो आणि तीस वर्षं एक आर्चटॉप, म्हणजे कोरीव पाटीची, गिटार डोक्यात घेऊन हिंडत होतो. काकांना म्हटलं, यातलं थोडं लाकूड मला द्या.

“फणस सगळ्यांचो,” काका म्हणाले. “तुका एकट्याक कसो देवचो?”

सातबारा सामाईक. नावं सहा. बोरिवलीच्या भावाला देवघराचं दार हवं, पुण्याच्या बहिणीला झोपाळ्याची फळी. एकाला काहीच नको होतं, फक्त दुसऱ्याला मिळू नये एवढीच माफक इच्छा. व्हॉट्सॲपवर ‘फणस’ नावाचा ग्रुप निघाला. झाड उभं असताना वर्षाला चार गरे मागायलाही ज्यांचा फोन आला नाही, ते रोज सकाळी ओंडक्याची चौकशी करू लागले. मी गिटारचं नाव काढल्यावर एकाने लिहिलं, “बरक्याची गिटार? बोटां चिकटतली मगे!” (हशा) हसा. मलाही तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं.

यात पाऊस सुरू झाला. ओंडका भिजतोय, सालीत भुंगा शिरतोय आणि इकडे हिस्से पडतायत. पडलेलं झाड हलवायलाही कागद लागतात. त्या टेबलांची गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची आहे, आयोजकांनी पुढच्या वर्षी बोलवावं.

ऑगस्टमध्ये एकदाचा ओंडका गिरणीवर गेला. करवतवाल्याला सांगितलं, माझ्या तुकड्याच्या सरळ फळ्या नकोत. कलिंगडाच्या फाका करतो तशा, गाभ्याकडे निमुळत्या काढ. अशा दोन जुळ्या फाका पुस्तक उघडावं तशा जोडल्या की गिटारची पाठ होते. पहिली फाक छान निघाली, हळदीसारखी पिवळीजर्द. दुसऱ्या कापाला करवत किंचाळली, ठिणगी उडाली. खिळा! आजीने वाळवणाच्या दोरीसाठी मारलेला, चार बोटं लांब, लाकडाने पुरता गिळलेला. पात्याचे तीन दात गेले. भरपाईचा प्रश्न ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत एकमत झालं: फणस सगळ्यांचा, खिळा माझा.

फाकांच्या टोकांना मेण फासलं, मध्ये पट्ट्या घालून माळ्यावर रचल्या. इंचाला एक वर्ष असा वाळवणीचा जुना हिशेब आहे. आपली हवा तुम्हाला माहीत आहे, पापड सांडगे उन्हाळ्यातच उरकावे लागतात. मी तीन वर्षं थांबलो.

मग गोव्यातल्या एका कारागिराकडे गेलो. त्याने फाक दोन बोटांत धरली, कानाशी नेली आणि टिचकी मारली. मला आजीच आठवली! फणस पिकला का ते ती असंच थापटून बघायची. तिला ‘ढब’ हवं असायचं, ह्याला ‘टण्ण’ हवं होतं, एवढाच फरक. तो म्हणाला, पाठ आणि बगला फणसाच्या करू, वरची पाटी मात्र स्प्रूसची. मी म्हटलं, परदेशी लाकूड नको. दोन तास वाद झाला, दोन वेळा चहा झाला. शेवटी मिरजेचे सतारवाले तून नावाचं लाकूड वापरतात त्यावर तडजोड झाली. तून स्प्रूसइतकं ताठ नाही, म्हणून पाटी थोडी जाड ठेवीन, म्हणाला. आणि—

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ बरं. विषयाकडे येऊ.

आर्चटॉप ही व्हायोलिनच्या चालीची गिटार. पाटी कोरलेली असते: इंचभर जाडीच्या लाकडातून कोरत मध्ये सहा-सात मिलिमीटरवर आणायची, कडेला त्याहून पातळ. तारा ज्यावर टेकतात ती घोडी चिकटवत नाहीत, तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते. ऑर्व्हिल गिब्सनला अशा कोरीव मँडोलिनचं अमेरिकेत पेटंट मिळालं १८९८ मध्ये. पुढे आर्चटॉप करणाऱ्यांनी लाकडंही व्हायोलिनचीच उचलली, वर स्प्रूस, पाठीला मेपल.

आता स्पेनचा गिटार-कारागीर तोर्रेस. १८६२ मध्ये त्याने गिटारची पाठ आणि बगला चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, वरची पाटी तेवढी स्प्रूसची. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. त्याचं म्हणणं, काम वरची पाटी करते. म्हणजे कारागिराचं खरं आणि माझंही खरं. स्प्रूस हलकं असून ताठ असतं, ही काही फॅशन नव्हे. पण पाठीला अमुकच लाकूड हवं, हा बराचसा शेजाराचा प्रश्न आहे. युरोपातल्यांच्या जवळ मेपल होतं. तंजावरवाल्यांच्या जवळ फणस होता, त्यांनी वीणा केली, मृदंग केला. आपण त्याच फणसाचे पाट केले आणि त्यावर जेवायला बसलो. शिसवीचा मान मोठा, पण २०१७ पासून ती जगभर परवान्यांच्या यादीत गेली; तयार वाद्यांना सूट मिळेपर्यंत २०१९ उजाडलं. फणसाला निदान—

(वीज गेली.)

अरे वा. माईक गेला. घाबरू नका, बॅण्डच्या गलक्यात माईकशिवाय ऐकू जावी म्हणूनच ही गिटार मोठी झाली. बॅटरी इकडे मारा. पाठीवर उजवीकडे हा काळा डाग दिसतोय? तो खिळा. कारागीर टाळू म्हणाला होता, मी ठेवायला लावला; पैसे मोजलेत.

मागच्या रांगेत ऐकू येतंय का? नसेल तर पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. काका, तुम्ही इथे बसा.