जागा सोडून धावणारा गार्ड

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकन फुटबॉल बघताना नजर चेंडूमागे पळते. चेंडू मागे देणाऱ्या मधल्या गड्याच्या शेजारी, पुढच्या रांगेत उभा राहून समोरच्यांना अडवतो तो गार्ड. ज्याच्या हाती चेंडू सहसा येतच नाही, त्या गार्डकडे कोण बघणार? आज बोलू या अशाच एका गार्डविषयी. येल विद्यापीठाचा विल्यम वॉल्टर हेफेलफिंगर; सगळे त्याला ‘पज’ म्हणत. जन्म १८६७चा, मिनियापोलिसचा. उंची सव्वासहा फूट, वजन नव्वद किलोच्या आसपास. आज याच जागेवर १३५ किलोंचे गडी असतात.

तो येलकडून १८८८ ते १८९१ खेळला. तेव्हा ४५-४५ मिनिटांचे दोन डाव असत आणि तेच अकराजण चढाईही करत, बचावही. दुखापतीशिवाय बदली नाही. त्याच्या पहिल्याच मोसमात येलने १३ सामन्यांत ६९८ गुण केले आणि एकही दिला नाही. प्रशिक्षक वॉल्टर कॅम्प दिवसा घड्याळांच्या कंपनीत नोकरीला. सरावावर लक्ष ठेवून टिपणं काढायची ती त्यांची पत्नी अ‍ॅलिस. या यशात तिचं नाव फारसं कुणी घेत नाही.

त्याच १८८८ साली नियम बदलले. कमरेखाली, गुडघ्यापर्यंत पकडायला मुभा मिळाली आणि चढाई करणाऱ्यांना हात पसरून अडवायला बंदी झाली. मग खांद्याला खांदा भिडवून उभं राहण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मधून वाट मिळेना, चेंडू घेऊन कडेने पळणारा एकटा सापडे. त्याच्यापुढे वाट मोकळी करायला हेफेलफिंगर आपली जागा सोडून धावू लागला.

आता हे करायचं कसं? समजा चाल उजवीकडे आहे आणि गार्डही उजवा. चेंडू मागे येताच तो उजवा पाय थोडा मागे घेतो, पंजा कडेकडे वळवतो आणि गुडघे वाकलेले ठेवूनच रांगेमागून पळतो. कडेला पोचला की पुढे वळायचं आणि पहिला आडवा येईल त्याला खांद्याने लोटायचं. पाय जास्त मागे पडला, तर तो आपल्याच धावपटूवर आदळतो. ताठ होऊन पळाला, तर धडक छातीवर बसते. चेंडू हलण्याआधीच एका पायावर भार दिला, तर समोरचा चाल ओळखतो. आणि मोकळी झालेली जागा शेजाऱ्याने बुजवली नाही, तर प्रतिस्पर्धी तिथूनच आत घुसतो. गर्दीला मात्र चूक पळून गेलेल्या गार्डचीच वाटते.

बचावातही त्याची तऱ्हा न्यारी. प्रतिस्पर्धी प्रिन्स्टन विद्यापीठाचे खेळाडू पाचरीसारखे एकमेकांना चिकटून घुसत. हा धावत येऊन, गुडघे वर घेऊन टोकावरच्या गड्याच्या अंगावर झेपावे. टोक कोसळलं की मागचे त्यावरच अडखळत. उडीची वेळ चुकली, तर मात्र अख्खी पाचर अंगावरून जायची.

१८८९ला पहिला ‘ऑल अमेरिका’ संघ, म्हणजे त्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी, निवडला गेला, त्यात तो होता. पुढची दोन वर्षंही.

१२ नोव्हेंबर १८९२ रोजी अ‍ॅलेघेनी क्लबने त्याला पिट्सबर्गच्या क्लबविरुद्ध उतरवलं. प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलून त्याने टचडाउन केला, म्हणजे तो त्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला. तेव्हा टचडाउनचे चारच गुण. सामना ४-० असा संपला. खेळ हौशी म्हणवला जाई, पण क्लबच्या हिशेबात त्याच्या नावावर खेळण्याबद्दल ५०० डॉलर रोख लिहिलेत, वर प्रवासखर्चाचे २५. पैसे घेऊन खेळल्याची अमेरिकन फुटबॉलमधली ही सर्वांत जुनी पक्की नोंद. पुढे कॅलिफोर्निया, लीहाय आणि मिनेसोटा इथे त्याने प्रशिक्षण दिलं. १९५४ला टेक्ससमधल्या ब्लेसिंग गावी तो वारला. हिशेबाचा तो कागद उजेडात आला तो त्यानंतर.